पोटातलं लेकरू आणि बहात्तरचा दुष्काळ

दसरा झाला की आपल्या नांदूरघाट भागात गाड्या भरायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली घरं भांडीकुंडी, ज्वारीची पोती, कोंबड्या आणि लेकरं घेऊन ट्रॅक्टरवर चढतात. त्या गाड्यांत दरसाल काही पोटुशी बाया असतात. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. पण त्यासाठी आधी पन्नास वर्षं मागं जावं लागेल.

निमित्त घडलं आमच्या एका बचतगटाच्या बैठकीत. आरोग्याच्या ताई आल्या होत्या, त्यांनी सगळ्यांची साखर तपासली. पन्नाशीची एक बाई, अंगावर मांस नाही, जन्मभर खुरपं आणि कोयता हातात, आणि तिचीच साखर सगळ्यांत जास्त. ती चिडलीच. म्हणाली, "मी काय गादीवर बसून खाणारी हाय व्हय? आमच्या घराण्यात कुणाला साखर न्हाई." शेजारी तिची आई बसली होती. ती सहज बोलून गेली, "ही बहात्तरच्या दुष्काळातली हाय. खडीवर होते मी, तवा पोटात होती."

मग म्हातारी बोलत राहिली आणि आम्ही हिशेबाची वही मिटून ऐकत बसलो. "पोटात लेकरू अन् डोक्यावर पाटी. बसलं की हजरी कापायचे. सुकडी मिळायची, ती बी पदरात बांधून घरी लेकरायला न्यायची. आपल्या वाट्याला मिलोची भाकर. ती बी अर्धी."

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची चव ज्यांनी घेतली त्या अजून तोंड वाकडं करतात. १९७० पासून पाऊस कमी होत गेला आणि १९७२ ला त्यानं दगाच दिला. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राचा कोरडा पट्टा उघडा पडला. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं या कामांवर होती, आणि त्यांत बाया फार मोठ्या संख्येनं होत्या. त्या कामांमुळं माणसं जगली, हे विसरून चालणार नाही. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीनं मूळ धरलं आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. इतिहासाच्या पुस्तकांत एवढं येतं. किती तलाव झाले, किती ब्रास खडी निघाली, तेही कुठं तरी नोंदलेलं असेल. त्या खडीवर बसलेल्या बाईच्या पोटात काय चाललं होतं, ते मात्र मोजमापात आलं नाही.

ते मोजायची रीत जगालाही तेव्हा नुकतीच सापडत होती. ती कशी सापडली ते सांगतो, कारण त्यात आपल्यासारख्याच बायांचा हात आहे.

इंग्लंडमध्ये हर्टफोर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथं १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या हाताखाली सुईणी आणि आरोग्यसेविका गावोगाव फिरायच्या. बाळ जन्मलं की त्याचं वजन घ्यायचं, वर्षाचं झालं की पुन्हा घ्यायचं आणि वहीत टिपायचं. आपल्या आशाताई आणि अंगणवाडीताई करतात तेच काम. त्या वह्या कपाटात पडून राहिल्या. साठ-सत्तर वर्षांनी डेव्हिड बार्कर नावाच्या डॉक्टरांच्या हाती त्या लागल्या. त्या वह्यांतल्या ५,००० पेक्षा जास्त पुरुषांचं पुढं काय झालं ते त्यांनी शोधलं आणि १९८९ मध्ये छापलं. जन्माला येताना आणि पहिल्या वर्षी जे हलके होते, ते हृदयविकारानं जास्त मेले होते. तोवर समज असा होता की हे आजार श्रीमंती खाण्यानं होतात. इथं तर गरीब घरातली, हलक्या वजनाची बाळं म्हातारपणी त्याला बळी पडत होती.

दुसरा पुरावा हॉलंडमधून आला, आणि तो आपल्या दुष्काळाच्या जवळचा आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या हिवाळ्यात जर्मन फौजेनं तिथल्या पश्चिम भागाची रसद तोडली. शहरांतल्या माणसाला दिवसाला धड अर्धी खुराकही मिळेना. लोक कंद उकडून खायचे. १९४५ च्या मे महिन्यात सुटका झाली. हा दुष्काळ पावसानं नव्हे, माणसानं केलेला. पण त्याची सुरुवात आणि शेवट तारखेनिशी माहीत होते आणि दवाखान्यांत जन्माच्या नोंदी होत्या. म्हणून पुढं त्या बाळांना शोधून तपासता आलं. शेवटच्या महिन्यांत उपास घडलेल्या आयांची बाळं हलकी जन्मली. पहिल्या महिन्यांत उपास घडलेल्यांची बाळं जन्मताना बरी दिसली, कारण नंतर अन्न आलं होतं. पण पन्नाशीला पोचल्यावर त्यांच्यात हृदयविकार जास्त निघाला. दिसायला ठीक आणि आतून मात्र खूण राहिलेली.

असं का होतं? आपण घरात दुष्काळात काय करतो ते आठवा. आधी पोटाचं बघतो. घराचं लिंपण राहतं, लुगडं राहतं, छपराची डागडुजी राहते. पोटातलं लेकरूही तशीच काटकसर करतं. अन्न कमी आलं की आधी मेंदूला देतं. मग स्वादुपिंड, म्हणजे साखर सांभाळणारा अवयव, मूत्रपिंड, हातापायाचं मांस यांच्या वाट्याला कमी येतं. त्या अवयवांची बांधणी पोटातच होते, नंतर ती दुरुस्त करायला फार थोडी जागा राहते. असं लेकरू कमी अन्नात भागवायला शिकून जन्माला येतं. पुढं त्याला चहात साखर, बिस्किटाचा पुडा आणि बसून काम मिळालं, की जन्माआधी शिकलेलं गणित चुकायला लागतं.

आता पुण्याकडं येऊ, कारण या शास्त्रातला एक मोठा धडा पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बायांनी जगाला दिला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना कोडं पडलं होतं की आपल्याकडं तरुण आणि बारीक माणसांना साखर का होते. १९९३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळची सहा कोरडवाहू गावं निवडली. मूल होण्याच्या वयाच्या बायांची आधीच वजनं-उंच्या घेऊन ठेवल्या. दिवस गेले की दर टप्प्याला त्या काय खातात, काय काम करतात, रक्तात काय आहे ते टिपलं. जवळजवळ ८०० गरोदरपणं अशी टिपली गेली.

त्या बायांचं दिवस जाण्याआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आतबाहेर. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातली बाळं होती ३.५ किलोची. इथवर काही नवल नाही. नवल असं की पुण्याकडच्या बाळांचं मांस कमी, पोट लहान, हाडं बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. वरून काटक आणि आतून चरबीचं बाळ. आमच्या त्या साखरवाल्या बाईनं हे ऐकलं तेव्हा तिनं स्वतःच्या दंडाला हात लावून पाहिला.

अजून दोन गोष्टी तिथं कळल्या, त्या आपण नीट ऐकू. पहिली, भाकरी किती खाल्ली यापेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध पोटात गेलं का, याचा बाळाच्या वजनाशी जास्त संबंध दिसला. या बायांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, अंडी, मटण, मासळी यांतूनच मिळतं, भाकरी-भाजीतून नाही. ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीराला सहाव्या वर्षीच साखर पचवायला जास्त कष्ट पडताना दिसले. याचा अर्थ लोह-फोलिकच्या गोळ्या टाकून द्या असा नाही, उगाच कुणी तसं करू नका. गोळीबरोबर वाटीभर दूध किंवा अंडंही लागतं, एवढाच अर्थ. आणि आपल्या घरात दूध डेअरीला जातं, अंडं बाजारला जातं. उरलंच तर गड्यामाणसांच्या आणि पोरांच्या ताटात जातं.

दुसरी गोष्ट कामाची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बायांच्या दिवसभराच्या कामांची मोजणी केली आणि २००३ मध्ये ती छापली. ज्यांच्यावर कामाचा भार जास्त होता त्यांचं गरोदरपणात वजन कमी वाढलं, त्यांची बाळं हलकी झाली आणि बाळाच्या डोक्याचा घेरही लहान भरला. खडीवरची म्हातारी जे सांगत होती, ते आता आकड्यात आलं.

ती बाळं पुढं मोठी झाली आणि त्यांची तपासणी चालू राहिली. अठराव्या वर्षी दर १०० मुलांपैकी ३७ आणि १०० मुलींपैकी १८ जणांची साखर हवी त्यापेक्षा वर निघाली. अंगानं ती सगळी सरासरी सडपातळच होती. २०१२ पासून त्यांच्यातल्याच मुलामुलींना लग्नाआधी बी-१२ देऊन बघण्याचं काम सुरू झालं. म्हणजे दिवस गेल्यावर नव्हे, त्याच्या किती तरी आधी. कारण एक गोष्ट आम्हाला या सगळ्यात सगळ्यांत जास्त हलवून गेली. मुलगी पोटात असते तेव्हाच तिच्या अंडाशयात तिची सगळी बीजं तयार होतात. म्हातारी खडी फोडत होती तेव्हा तिच्या पोटात लेक होती, आणि त्या लेकीच्या इवल्या पोटात नातीचं बीज होतं. एका पाटीखाली तीन पिढ्या.

खाणं आणि कष्ट झाले. आता धूर, तंबाखू आणि औषधं. ग्रहण लागलं की आपल्याकडं पोटुशी बाईला विळी धरू देत नाहीत, हलू देत नाहीत. त्या दिवशी तरी तिला विसावा मिळतो, म्हणून आम्ही त्यावर फार हसत नाही. पण ग्रहणानं लेकराला काही होत नाही. रोजच्या चुलीच्या धुरानं आईच्या रक्तातला प्राणवायू कमी होतो, आणि मिश्रीनं तर नक्कीच होतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायांवर झालेला एक अभ्यास २००४ साली छापला गेला. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण जास्त होतं. मिश्री लावली की भूक मरते, फडात म्हणूनच ती हाताशी असते. ज्या बाईला जेवायला वेळ नाही तिला नुसतं मिश्री सोड म्हणणं सोपं आहे.

फवारणीच्या औषधांबद्दलचा एक अभ्यास अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला आहे. सॅलिनास खोऱ्यात भाजीपाल्याची मोठी शेतं आहेत. तिथं राबणाऱ्या बहुतेक बाया मेक्सिकोतून आलेल्या, आपल्या टोळ्यांसारख्याच पोटासाठी गाव सोडलेल्या. १९९९-२००० मध्ये तिथं सुमारे ६०० गरोदर बायांना अभ्यासात घेतलं. ज्यांच्या लघवीत कीटकनाशकाचा अंश सगळ्यांत जास्त सापडला, त्यांची मुलं सातव्या वर्षी बुद्धीच्या चाचणीत सरासरी सात गुणांनी मागं राहिली. फडात औषधाच्या रिकाम्या डब्यातून पाणी आणायची सवय आपल्याकडं अजून आहे. ते डबे फोडून टाका, इतकं तरी आपल्या हातात आहे.

आणि ताण. आम्हाला विचारतात, ताण म्हणजे काय हो ताई, तो शहरातल्या बायांना असतो ना? मैत्रिणींनो, उचल फिटेल का ही धाकधूक म्हणजे ताण. मुलगीच झाली तर घरात काय होईल, हा तर आपल्या जिल्ह्याचा खास ताण. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १,००० मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. त्या आकड्याच्या मागं नऊ-नऊ महिने धसका घेऊन बसलेल्या बाया आहेत. माणूस घाबरला की अंगात कॉर्टिसॉल नावाचा स्राव वाढतो. वार त्यातला बराचसा अडवते, लेकरापर्यंत जाऊ देत नाही. पण आई कुपोषित असेल तर ते कुंपण विरळ होतं. भूक आणि भीती अशा एकमेकींना धरून येतात.

हे सगळं वाचताना आमच्या मनात एक धास्ती आली, ती बोलतो. या शास्त्राचा उपयोग करून आईलाच बोल लावायला लोक मोकळे होतील. पोराला साखर झाली, तिनं नीट खाल्लं नाही. पोरगं अभ्यासात मागं, तिनं मिश्री लावली. खडीवर बसल्यावर हजेरी कोण कापत होतं, हे मात्र कुणी विचारणार नाही. आणि जे हलकं जन्मलं त्याचं भविष्य तिथंच संपलं, असंही नाही. हॉलंडमध्ये अन्न आल्यावर काही महिन्यांतच बाळांची वजनं पूर्वपदावर आली. आमच्या त्या बाईची साखर दुष्काळानंच झाली, असं एकटीकडं बोट दाखवून कुणीही सांगू शकणार नाही. हे शास्त्र शेकडो-हजारो जणांचं मिळून बोलतं.

बाईला पोटुशीपणी विसावा मिळावा ही मागणी काही या अभ्यासांनंतरची नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात कारखान्यांतल्या बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात राष्ट्राचंच हित आहे, आणि त्याचा भार सरकारनं आणि मालकानं उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो, म्हणून तो आपल्यापर्यंत आला नाही. पुढं १९६१ मध्ये देशाचा कायदा आला. पण ऊसतोड बाईचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसतंच. नवराबायको मिळून एक कोयता, आणि तो मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावावर. ऊस कारखान्याचा, साखर कारखान्याची, आणि बाई कुणाचीच नाही.

त्यातून काय होतं ते २०१९ मध्ये साऱ्या राज्यानं पाहिलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. पाळीचा, दुखण्याचा, अंगावरून जाण्याचा खाडा परवडत नाही, म्हणून पिशवीच नको. जिथं पिशवीच अडचण झाली, तिथं पिशवीतल्या लेकराच्या वाट्याला काय येत असेल?

यंदा दसऱ्याआधी आमच्या बैठकीत हाच विषय घेतला. पोटुशी बाई गावात राहिली तर नवरा अर्धा कोयता होतो, उचलही अर्धी होते. ती तूट कोण भरणार? कुणी म्हणालं, गटातून कर्ज देऊ, तिनं सहा महिन्यांनी फेडावं. दुसरी म्हणाली, फेडायला पुन्हा तोडीलाच जाईल ना, मग ओल्या बाळंतिणीचं काय? तिचंही खरं होतं. पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, ते हप्त्यानं आणि कागदपत्रं नीट असतील तर. तेवढ्यावर हंगाम निघत नाही. भांडणं झाली, दोघी उठून गेल्या आणि चहाच्या वेळी परत आल्या.

शेवटी एवढं झालं. या हंगामात दोघी थांबल्या आहेत, त्यांना गटानं कर्ज दिलं आहे आणि एका घरचं रोजचं अर्धा लिटर दूध डेअरीला न जाता त्यांच्याकडं जातं. तिसरी सातव्या महिन्यात गेलीच, तिच्या घरची उचल आधीच सावकाराला गेली होती. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर आम्ही इथल्या ताईंचा नंबर ठळक लिहून दिला. फडाजवळच्या अंगणवाडीत ते दाखवून खाऊ आणि तपासणी मागायची, असं तिला आणि तिच्या नवऱ्यालाही बसवून सांगितलं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणार नाही, मोळ्या बांधायचंच काम करेन, असं तिनं मुकादमासमोर म्हटलं. मुकादम हो म्हणाला, गाडीत बसताना.

दोघींच्या कर्जाचा व्याजदर अजून ठरायचा आहे. म्हातारीचं म्हणणं आहे की व्याज लावूच नये. पुढच्या बैठकीत तोच विषय आधी घ्यायचा आहे, तेव्हा सगळ्यांनी वेळेवर या.